पल्ल्याचा अंदाज

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातवाने आमच्या बैठकीच्या खोलीत काळी चादर अंथरली, तिच्यावर बोटभर लांबीची अंतराळयाने मांडली आणि मला शत्रूचा सरसेनापती नेमले. खेळ इंग्लंडचा, ‘फुल थ्रस्ट’. त्यातले जबर किरणास्त्र बारा इंचांच्या आत तीन फासे टाकते, चोवीसच्या आत दोन, छत्तीसच्या आत एक. त्यापुढे काही नाही. मी विचारले, अवकाशात हवा नाही, धूळ नाही, मग छत्तीस इंचांवर किरण संपतो कसा? नातवाने शांतपणे सांगितले की टेबल तेवढेच असते.

माझे समाधान झाले नाही. या पल्ल्याच्या नियमांचे मूळ शोधता शोधता मी फ्लेचर प्रॅटपाशी पोचलो. अमेरिकन विज्ञानकथा वाचणाऱ्यांना स्प्रेग डी कॅम्पचा जोडीदार म्हणून तो ठाऊक असतो. १९४० पासून दोघांनी लिहिलेल्या हॅरल्ड शेच्या अद्भुतकथा अजून वाचल्या जातात.

प्रॅटचा जन्म १८९७ सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या परिसरातला. ठेंगणा माणूस. तरुणपणी मुष्टियुद्ध खेळला, ग्रंथालयात राबला, वर्तमानपत्रात बातमीदारी केली. पुढे घराला आग लागली, तेव्हा विम्याचे पैसे घेऊन हा गृहस्थ पॅरिसला सोर्बोनमध्ये शिकायला गेला! (विम्याच्या रकमेचा असा विनियोग माझ्या नोकरीत मी कधी पाहिला नाही.) न्यूयॉर्कच्या घरात त्याने मार्मोसेट जातीची चिमुकली माकडे पाळली. पत्नी इंगा चित्रकार. सांकेतिक लिपी, अमेरिकेचे यादवी युद्ध, आरमाराचा इतिहास, जे हाती येईल त्यावर त्याने पुस्तके लिहिली.

आणि खेळ रचला. छोट्या लाकडी युद्धनौका जमिनीवर मांडायच्या. नौकेचे बळ तोफांचा व्यास, चिलखताची जाडी, वेग आणि वजन यांच्या सूत्रातून गुणांत काढायचे. गोळे लागत जातील तसे गुण कमी होणार, वेग मंदावणार, तोफा बंद पडणार. इथवर हिशेबनिशीचे काम झाले. खरी करामत पुढे आहे. गोळा डागताना फासे नाहीत आणि आधी मोजायला टेपही नाही. खेळाडूने जमिनीशी डोळा लावून दिशेचा बाण ठेवायचा आणि लक्ष्य किती इंचांवर आहे ते नुसत्या नजरेने ठरवून चिठ्ठीवर लिहायचे. सर्वांनी लिहून झाले की मगच पंच टेप काढणार आणि गोळा पडला तिथे गोल्फच्या चेंडूखाली रोवतात तसली खुंटी उभी करणार. ती खुंटी म्हणजे समुद्रात उडालेला पाण्याचा फवारा. दोन इंच अलीकडे पडला? पुढच्या डावात वाढवा. खरे तोफची असेच करीत, एक गोळा अलीकडे, एक पलीकडे, मग मधोमध.

पहिल्यांदा घरातच चालणारा हा खेळ माणसे वाढल्यावर भाड्याच्या नाचघरात गेला. १९४० साली त्याच्या नियमांचे पुस्तक निघाले.

हे वाचताना मी मध्येच पुस्तक मिटले. शेतकी अधिकारी म्हणून मी बांधावर उभा राहून नजरेने अंदाज बांधत असे. सातबाऱ्यावर क्षेत्र असते, पण त्यातले उसाखाली किती, हे डोळ्यांनीच ठरवायचे. एका माणसाचा ऊस मी पाऊण एकर कमी धरला. कर्ज तेवढे कमी झाले, उरलेले त्याने सावकाराकडून उचलले. कारखान्याच्या चिटबॉयची नोंद माझ्या हाती आली ती दोन वर्षांनी. माझी खुंटी इतक्या उशिरा रोवली गेली. दुसरा गोळा टाकायला तोवर तो खातेदार राहिला नव्हता.

प्रॅटला अवकाशाचे वावडे होते असे कुणी समजू नये. १९३० साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन इंटरप्लॅनेटरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत तो होता. १९५१ साली जॅक कॉगिन्सबरोबर त्याने रॉकेटे आणि अंतराळयानांवर पुस्तक काढले. तरी त्याचा हा खेळ राहिला पाण्यावरच, आणि माझ्या मते योग्य ठिकाणी राहिला. अवकाशात चुकलेला गोळा कुठेच पडत नाही. फवारा नाही, खुंटी नाही, चूक किती झाली ते कळायला मार्ग नाही. तिथला खरा पल्ला इंचांचा नसून वेळेचा: मारा पोचेपर्यंत लक्ष्याला किती सरकता येते? ते सरकणे नजरेला दिसत नाही, म्हणून पुढच्या खेळकर्त्यांनी अंतराचे पट्टे आखले आणि काम फाशांवर सोपवले. १९९९ सालच्या ‘बॅटलफ्लीट गॉथिक’मध्ये मात्र एक नोव्हा तोफ होती, तिच्यासाठी न मोजता सेंटिमीटर सांगावे लागत. ते वाचून मला प्रॅटच भेटल्यासारखे वाटले.

प्रॅट १० जून १९५६ रोजी कर्करोगाने गेला. पहिला स्पुटनिक उडाला ४ ऑक्टोबर १९५७ ला.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी नातवाला मी टेप लपवायला सांगितला. पहिल्या गोळ्याचा अंदाज मी तीस इंच लिहिला. मोजले तर बेचाळीस भरले.