विश्लेषण : पगारातून कापलेले २०० रुपये आणि वि. स. पागे

वसई-विरारहून लोकलने मुंबई गाठणाऱ्या अनेकांच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ असा रकाना असतो. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ मध्ये रोजगार हमीच्या खर्चासाठी लागू झाला. आणि रोजगार हमीची कल्पना होती विठ्ठल सखाराम पागे यांची.

पागे यांचा जन्म १९१० चा, सांगली जिल्ह्यातला. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. संतसाहित्याचा त्यांचा व्यासंग होता. १९६० ते १९७८ अशी १८ वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. मात्र त्यांचे खरे काम सभागृहाबाहेरचे. कोरडवाहू भागातल्या मजुराला वर्षातले काही महिनेच काम मिळते, मग उरलेल्या काळात त्याची चूल कशी पेटणार? जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यावे, हा त्यांचा तोडगा. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक पाठीशी होते. पुढे १९७२ चा दुष्काळ आला आणि १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. कायदा १९७७ चा. अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता देण्याची तरतूदही त्यात होती.

या योजनेत उत्पन्नाचा दाखला लागत नव्हता, दारिद्र्यरेषेची यादीही नाही. भर उन्हात माती उचलायला जो येतो तो गरजूच, एवढा भरवसा पुरेसा होता. सर्वांना मूलभूत उत्पन्न द्या म्हणणारे आज एक पाऊल पुढे जातात : रोख द्या, कामाची अटही नको. तिथे पागे थांबले होते. ती अट कठोरच होती. म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाने खडी कशी फोडायची? शिवाय कष्ट करूनही मजुरी आठवडेच्या आठवडे रखडते, ही तक्रार जुनीच.

१९९० मध्ये पागे गेले. देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा आला तो २००५ मध्ये. पालघर जिल्ह्यातल्याच जव्हार-मोखाड्याची कुटुंबे अजूनही दिवाळीनंतर गाव सोडतात आणि वसई-विरारच्या बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर येतात.