एन्रिको फर्मी: अणुभट्टीचा पहिला चालक

तारापूर येथील वीजकेंद्राचें नांव आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असतें. परंतु अणुभट्टी पेटवून ती हाताखालीं ठेवणारा पहिला मनुष्य कोण, असें विचारल्यास वर्गांत बहुधा शांतता पसरते. त्या मनुष्याची हकीकत पालकांनींही वाचण्याजोगी आहे, असें आम्हांस वाटतें.

एन्रिको फर्मी यांचा जन्म ता. २९ सप्टेंबर १९०१ रोजीं रोम शहरीं झाला. वडील रेल्वेखात्यांत नोकरीस होते, आई शिक्षिका होती. एन्रिको तेरा वर्षांचा असतां त्याचा वडील भाऊ ज्यूलिओ एका लहानशा शस्त्रक्रियेंत अकस्मात् दगावला. दोघे मिळून विजेचीं लहान यंत्रें बनवीत. तो सोबती गेल्यावर मुलानें आपलें दुःख पुस्तकांत बुडविलें. जुन्या बाजारांत मिळालेला लॅटिन भाषेंतील पदार्थविज्ञानाचा ग्रंथही त्यानें सोडला नाहीं. १९२२ सालीं, एकवीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्यानें पीसा येथें डॉक्टरची पदवी मिळविली.

पुढें रोम येथें प्राध्यापक असतां, १९३४ च्या ऑक्टोबरांत, फर्मी हे न्यूट्रॉन नांवाच्या सूक्ष्म कणांचा मारा चांदीवर करीत होते. मध्यें शिसें ठेवावयाचें, त्याऐवजीं त्यांनीं पॅराफिन मेणाचा तुकडा ठेवला; आणि परिणाम कित्येक पटींनीं वाढला! मेणांतील हायड्रोजनवर आदळून न्यूट्रॉन मंदावतात, आणि मंद न्यूट्रॉन अणूंत अधिक सहज शिरतात, हें त्यांनीं त्याच दिवशीं ताडलें. १९३८ चें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. त्यांच्या पत्नी लॉरा या यहुदी होत्या, आणि इटलीनें त्याच वर्षीं यहुद्यांविरुद्ध कायदे केले होते. म्हणून स्टॉकहोम येथें पारितोषिक स्वीकारल्यावर हें कुटुंब मायदेशीं न परततां मुलांसह अमेरिकेस गेलें.

त्याच सुमारास, युरेनियमचा अणु न्यूट्रॉननें दुभंगतो असा शोध जर्मनींत लागला. दुभंगतांना त्यांतून दोनतीन नवे न्यूट्रॉन निघतात. ते आणखी अणु फोडूं शकतात. वणवा पेटविणें आणि चुलींत विस्तव राखणें यांत जो भेद आहे, तोच फर्मींच्या पुढील कामाचा गाभा होय.

शिकागो विद्यापीठाच्या क्रीडांगणांत प्रेक्षकांच्या सज्ज्याखालीं स्क्वॉश खेळण्याची जागा होती. तेथें नोव्हेंबर १९४२ मध्यें ग्रॅफाइटच्या सुमारें ४५,००० ठोकळ्यांची रास रचली जाऊं लागली; कित्येक ठोकळ्यांत युरेनियम बसविलेलें होतें. ग्रॅफाइटनें न्यूट्रॉन मंद करावयाचे, आणि राशींत खुपसलेल्या कॅडमियमच्या पट्ट्यांनीं ते गिळावयाचे. पट्ट्या आंत असेपर्यंत विस्तव दबलेला राहावयाचा. भोंवतीं संरक्षक भिंत नव्हती, थंड करण्याची सोय नव्हती, आणि बाहेर गजबजलेलें शहर होतें. सारी भिस्त गणितावर!

ता. १ डिसेंबरच्या रात्रीं ५७ वा थर पुरा झाला. देखरेखीस असलेले हर्बर्ट अँडरसन यांस कळून चुकलें कीं, आतां पट्ट्या ओढल्या तर भट्टी चालेल. जगांतील पहिलेपणाचा मान हाताच्या अंतरावर होता. परंतु फर्मींस शब्द दिलेला होता. त्यांनीं पट्ट्या कुलुपांत अडकविल्या आणि ते झोंपावयास गेले. आमच्या मतें हा प्रसंग कोणत्याही गणितापेक्षां कमी तोलाचा नाहीं.

दुसऱ्या दिवशीं कडाक्याची थंडी होती. जॉर्ज वाइल यांनीं शेवटची पट्टी थोडीथोडी ओढावी. फर्मींनीं गणकपट्टीवर हिशेब करून नोंद करणारी लेखणी कोठें थांबेल तें आधीं सांगावें, आणि ती तेथें थांबली म्हणजे मगच पुढची आज्ञा द्यावी, असा क्रम चालला. लिओना वुड्स ही २३ वर्षांची तरुणी मापनाच्या कामांत होती. एक जण कुऱ्हाड घेऊन उभा होता. वेळ पडल्यास दोर तोडून राखीव पट्टी आंत सोडावयाची होती. तिघे कॅडमियमचें द्रावण घेऊन राशीच्या वर सज्ज होते. साडेअकराच्या सुमारास एक स्वयंचलित पट्टी धाडकन् आंत पडली. तिची मर्यादा फार कमी ठेवली गेली होती, एवढेंच. सर्वांचे श्वास कोंडलेले असतां फर्मींनीं मंडळीस जेवावयास पाठविलें. (आमच्या परीक्षार्थींपैकीं किती जणांस अशा वेळीं भूक लागली असती, न कळे!) दुपारीं ३ वाजून २५ मिनिटांनीं पट्टी आणखी एक फूट ओढली, आणि लेखणी थांबेना; ती चढतच राहिली. फर्मींनीं भट्टी २८ मिनिटें चालूं दिली व बंद करविली. तिची शक्ति अर्धा वॅट होती. तिच्यावर घरांतला दिवाही लागला नसता.

हीच विद्या पुढें अणुबाँबकडे गेली, आणि त्या कामांत फर्मींचाही हात होता. ऑगस्ट १९४५ मध्यें हिरोशिमा व नागासाकी येथें जें झालें, तें त्यांच्या चरित्रांतून वगळणें प्रामाणिकपणाचें नव्हे. १९४९ सालीं हायड्रोजन बाँबचा प्रश्न निघाला तेव्हां, नीतीच्या दृष्टीनें त्याचें समर्थन होऊं शकत नाहीं असें मत त्यांनीं शास्त्रज्ञ इसिडोर राबी यांच्यासह लेखी कळविलें. तरी सरकारनें तें काम हातीं घेतल्यावर ते त्यांतही कांहीं काळ सामील झाले. ही विसंगति आम्ही आहे तशीच वाचकांपुढें ठेवितों.

होमी भाभा यांनीं तरुणपणीं रोम येथें फर्मींजवळ कांहीं काळ अभ्यास केला होता. ता. ४ ऑगस्ट १९५६ रोजीं त्यांच्याच नेतृत्वाखालीं मुंबईस तुर्भे येथें भारताची पहिली अणुभट्टी, अप्सरा, सुरू झाली. तें वर्तमान ऐकावयास फर्मी उरले नव्हते, ता. २८ नोव्हेंबर १९५४ रोजीं, वयाच्या ५३ व्या वर्षीं, शिकागो येथें पोटाच्या कर्करोगानें त्यांचा अंत झाला होता. त्या दुखण्यांत रुग्णालयांत भेटीस गेलेल्या एका जुन्या मित्रास दिसलें कीं, नळींतून शरीरांत जाणाऱ्या पोषक द्रवाचे थेंब फर्मी घड्याळ लावून मोजीत आहेत.