इंदूरच्या दिवाळीची मिरवणूक वळवली आणि लोकांनी स्वतःहून शहर स्वच्छ केलं

इंदुरात प्लेग होता. लोक धास्तावलेले, गल्लीबोळांत कचऱ्याचे ढीग. अशा वेळी होळकर दरबाराने नगररचनेसाठी बोलावलेल्या एका दाढीवाल्या स्कॉटिश प्राध्यापकाने दिवाळीच्या मिरवणुकीचा ताबाच मागितला.

नाव पॅट्रिक गेडिस.

त्याने जाहीर केलं की यंदा मिरवणूक ठरलेल्या वाटेने जाणार नाही. ज्या भागातली घरं सगळ्यात जास्त झाडलेली, रंगवलेली आणि दुरुस्त केलेली असतील, तिथून ती जाणार. मग काय, मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून अख्खं शहर कामाला लागलं. गाड्या भरभरून कचरा बाहेर पडला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा भलामोठा पुतळा होता. तुळशीची रोपंही वाटली गेली.

प्लेगची साथ त्या हंगामात तशीही ओसरायची. पण आपली गल्ली आपण बदलू शकतो, हे लोकांनी पाहिलं आणि गेडिसला तेच हवं होतं.

गेडिस मुळात जीवशास्त्रज्ञ. जन्म १८५४ चा, स्कॉटलंडमधला. १८७९ मध्ये मेक्सिकोला गेला असताना काही काळ त्याची दृष्टी गेली. ती परत आली, पण तासन्‌तास सूक्ष्मदर्शकात डोळे घालणं अवघड झालं. मग त्याने नजर शहरांकडे वळवली. प्राणी जसा परिसरामुळे घडतो, तसाच माणूसही घडतो, हे त्याचं सूत्र.

१८८६ मध्ये ॲनाशी लग्न झाल्यावर हे जोडपं एडिंबरातल्या जेम्स कोर्ट या झोपडपट्टीवजा वस्तीत राहायला गेलं. तिथे त्यांनी शेजाऱ्यांना सोबत घेऊन भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडं ठेवली, पडीक जागांवर बागा केल्या.

१९१४ मध्ये तो भारताकडे निघाला. त्याचं शहरांवरचं प्रदर्शन वेगळ्या जहाजावर होतं. जर्मन युद्धनौका एमडेनने ते जहाज बुडवलं. वर्षानुवर्षं जमवलेले नकाशे आणि चित्रं समुद्राच्या तळाशी गेली. मित्रांनी नवं साहित्य गोळा केलं आणि १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरलंच.

त्या काळी साहेबी नगररचना म्हणजे जुनी वस्ती पाडायची आणि सरळ रुंद रस्ता काढायचा. गेडिसने विचारलं, पाडलेल्या घरांतली माणसं जाणार कुठे? ती शेजारच्या वस्तीत कोंबली जाणार आणि रोगराई तिथे वाढणार.

म्हणून तो आधी गल्लीगल्ली पायी फिरायचा. कुठलं पडकं घर काढलं तर हवा खेळेल, कुठे पिंपळाखाली पार बांधला तर बायकापोरांना बसायला जागा होईल, हे नकाशावर मांडायचा. मोजकीच घरं हलवायची, बाकी वस्ती जागेवर ठेवायची. डासांच्या भीतीने तलाव बुजवायलाही त्याचा विरोध. तलावात मासे सोडा, ते डासांच्या अळ्या खातील, असं तो सांगायचा.

१९१७ साल त्याच्यासाठी भयंकर ठरलं. मुलगा अलस्डेअर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. पत्नी ॲना इथे भारतात तापाने आजारी होती. ही बातमी तिच्यापर्यंत कधी पोचलीच नाही, त्याच वर्षी तीही गेली. तरीही गेडिस थांबला नाही. इंदूरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये आला.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचा पहिला प्रमुख गेडिसच. त्याने पुढच्या शिक्षणासाठी ज्यांना इंग्लंडला पाठवायला निवडलं, ते गो. स. घुर्ये. १९२४ मध्ये तो विभाग घुर्यांनी सांभाळला आणि भारतीय समाजशास्त्राचा पाया घातला.

१९२५ मध्ये गेडिसने तेल अवीवचा आराखडा केला. त्यात घरांच्या चौकांमध्ये छोट्या बागा होत्या. त्याच आराखड्यावर उभ्या राहिलेल्या भागाला २००३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं.

ते पाहायला तो अर्थातच नव्हता. १९३२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिएला त्याचं निधन झालं. जुनी वस्ती पाडायची की दुरुस्त करायची, हा त्याचा वाद मात्र आजही प्रत्येक शहरात चालूच आहे.