विनाखटला कैद आणि बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२३ साली लंडनहून परतले व मुंबईत वकिली करू लागले. ‘देशाचे दुश्मन’ पुस्तिकेबद्दल शिक्षा झालेल्या जेधे-जवळकरांचे अपील त्यांनी १९२६ साली पुण्यात लढवून जिंकले. लेखणीसाठी माणूस तुरुंगात जातो, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

१९४७ साली ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. कायदा करून सरकार कुणालाही डांबू शकेल, अशी टीका स्वातंत्र्याच्या कलमावर झाली. बाबासाहेबांनी ती मनावर घेतली आणि सप्टेंबर १९४९ मध्ये नवे कलम मांडले. तेच आजचे कलम २२. प्रतिबंधक स्थानबद्धता त्यातही राहिली. पण कारणे कळविणे, निवेदनाची संधी देणे आणि मुदतीपुढे सल्लागार मंडळाचे मत घेणे, ही वेसण सत्तेला बसली. दाद मागण्याचे कलम ३२ तर त्यांना संविधानाचा आत्माच वाटे. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

पुढे १९६२ साली, कारणे स्थानबद्धाला समजणाऱ्या भाषेत दिली नाहीत म्हणून, नागपूरचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. १९७६ साली आणीबाणीत त्याच न्यायालयाने दार लावून घेतले. तो निकाल चुकीचा ठरायला २०१७ साल उजाडले!

महाराष्ट्रात १९८१ च्या एमपीडीए कायद्याने आजही वर्षभर विनाखटला डांबता येते. उद्या घोडेगावच्या एखाद्या वस्तीतील पोरावर असा आदेश निघाला, तर हात जोडून बसू नका. मराठीत कागद मागा, निवेदन द्या, उच्च न्यायालय गाठा. बाबासाहेबांनी ही वाट आपल्यासाठीच ठेवली आहे.