उशिरा उमटणारा चटका

पाचोडहून कुणी कर्करोगावर ‘शेक’ घ्यायला छत्रपती संभाजीनगरला निघाले, की घरच्यांना धास्ती वाटते ती कातडी जळण्याची. ही भीती खोटी नाही. रेडियमचा असा चटका ज्या मोजक्या माणसांनी प्रथम सोसला, त्यांत मादाम मेरी क्यूरी होती.

तिचा जन्म १८६७ चा, वॉर्सा शहरातला. रशियन अमलाखालच्या त्या मुलखात मुलींना विद्यापीठाचे दार बंद होते. परक्यांची मुले शिकवून तिने आधी थोरल्या बहिणीच्या पॅरिसमधील शिक्षणाला हातभार लावला आणि १८९१ मध्ये ती स्वतः तिकडे गेली. १८९५ मध्ये पिएर क्यूरीशी लग्न झाले, १८९८ मध्ये दोघांनी पोलोनियम आणि रेडियम शोधले. मग गळक्या शेडमध्ये खनिजाचे ढीग उकळून, ढवळून १९०२ पर्यंत हाती आले ते ग्रॅमचा दहावा हिस्सा रेडियम क्लोराइड.

पिएरने रेडियमचा क्षार दहा तास हाताला लावून पाहिला. कातडी लाल झाली, पुढे जखम झाली. बावन्न दिवसांनीही ती पुरती भरली नव्हती. मेरीने एक बंद नळी अर्ध्या तासाहून कमी वेळ जवळ बाळगली, तर पंधरा दिवसांनी लाल डाग पडून फोड आला. तिच्या बोटांची टोके कडक होऊन सोलवटत. पिएर आणि बेक्वेरेल यांनी हे सारे १९०१ मध्ये प्रसिद्ध केले.

चटका उशिरा का उमटतो? किरण इजा करतात ती कातडीच्या तळाशी नव्याने तयार होणाऱ्या पेशींना. वरची जुनी कातडी झडली, की मगच तूट उघडी पडते. पण निरोगी पेशी मरतात, तर रोगट का मरू नयेत, या विचारातून पॅरिसच्या डॉक्टरांनी रेडियम उपचाराला घेतले.

१९०६ मध्ये पिएर अपघातात गेला. मेरीला १९११ मध्ये दुसरे नोबेल मिळाले. महायुद्धात तिने क्ष-किरणांच्या गाड्या आघाडीवर नेल्या. रेडियमला दोष द्यायला मात्र तिचे मन सहसा धजले नाही. १९३४ मध्ये शरीरात रक्त तयार होणेच मंदावून ती गेली.

आज शेक मोजून, रोज थोडाथोडा देतात, म्हणजे निरोगी पेशींना सावरायला उसंत मिळते. कातडी काळवंडली, सोलली, तरी बहुधा काही आठवड्यांत भरून येते. डॉक्टरांना ती दाखवावी, पण भिऊन उपचार अर्धवट सोडू नयेत. त्या मोजमापामागे मेरीची सोललेली बोटे आहेत.