लुई ब्रेल

लुई ब्रेल यांचे नाव आपल्या संडे स्कूलच्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु ज्या शाळेत ते शिकले, तिनेच त्यांची लिपी काही काळ बंद पाडली होती, हे आपण क्वचितच सांगतो.

पॅरिसजवळच्या कुव्रे गावी ४ जानेवारी १८०९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील खोगीर-लगाम तयार करीत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कामाच्या जागी खेळत असता कातडे टोचण्याची आरी त्याच्या डोळ्यात घुसली. विकार दुसऱ्या डोळ्यातही गेला आणि पाचव्या वर्षी दृष्टी पूर्ण गेली. तरी आईबापांनी त्याला गावच्या शाळेत घातले व १८१९ मध्ये पॅरिसच्या अंधशाळेत पाठविले.

तेथे पुस्तके होती, पण डोळसांच्याच अक्षरांची, कागदावर उठाव देऊन केलेली. ती फार जड असत. एकेक अक्षर चाचपडण्यात वेळ जाई आणि लिहिणे तर साधतच नसे. आम्हाला वाटते, खरी अडचण हीच होती : डोळ्यांसाठी केलेली वस्तू बोटांना दिली होती. १८२१ मध्ये बार्बिये नावाच्या लष्करी कॅप्टनची टिंबांची लिपी शाळेत आली. टिंबे बोटाला चटकन कळत. मात्र एका खुणेला बारापर्यंत टिंबे लागत, ती एका बोटाखाली मावत नसत, आणि लिहिता येई तो केवळ उच्चार. पंधरा वर्षांच्या लुईने १८२४ मध्ये ती सहांवर आणली. सहा टिंबांच्या ६३ खुणांत अक्षरे, अंक, विरामचिन्हे, पुढे संगीतही बसले. (ते स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत.) आज संगणकाला जोडतात त्या ब्रेल यंत्रात टिंबांऐवजी बारीक खुंट्या वरखाली होतात, मांडणी तीच, बहुधा दोन टिंबे अधिक.

१८२९ मध्ये ही लिपी प्रसिद्ध झाली, १८३३ मध्ये ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले. वेगळी लिपी अंधांना डोळसांपासून तोडील, हा डोळस शिक्षकांचा आक्षेप होता. तो अगदीच पोकळ नव्हता. ब्रेल यांनी त्यावर तोडही काढली : टिंबांनीच डोळसांच्या अक्षरांचे आकार काढण्याची रीत त्यांनी १८३९ मध्ये छापली, म्हणजे मुलाला घरी पत्र लिहिता यावे. तरीही १८४० मध्ये आलेल्या नव्या प्रमुखांनी सहा टिंबांना बंदी केली. मुले चोरून लिहीतच राहिली. १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, तेव्हा विरोध निवळला.

६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने ब्रेल वारले. शाळेने लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये. मराठीसह आपल्या भाषांसाठी भारती ब्रेल ठरली, ती १९५१ साली.