पत्रावळीवरच्या शितांचे मोल

वऱ्हाडातील शेगाव या गावी २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, माघ वद्य सप्तमीला, देविदास पातुरकर यांच्या घरी मुलाच्या ऋतुशांतीचे निमित्त होते. पंगती उठल्या होत्या आणि उष्ट्या पत्रावळी रिवाजाप्रमाणे घराबाहेर टाकल्या जात होत्या. त्या पत्रावळींच्या ढिगाजवळ एक तरुण बसला होता. अंगात जुनी बंडी, पाणी पिण्यासाठी एक भोपळा आणि जवळ चिलीम, एवढाच त्याचा संसार. पत्रावळींवर चिकटलेली भाताची शिते तो एकेक करून वेचत होता आणि तोंडात टाकत होता. त्याच्या चेहऱ्यावर ना भुकेची लाचारी होती ना कोणी पाहील याची लाज.

रस्त्याने जाणारे बंकटलाल अग्रवाल आणि त्यांचे स्नेही दामोदरपंत कुलकर्णी हे दृश्य पाहून थबकले. भुकेला माणूस असता तर त्याने दारात उभे राहून अन्न मागितले असते. घरात अन्न भरपूर होते आणि यजमान देणारे होते. पण हा माणूस मागत नव्हता. दोघांनी यजमानांना सांगून पक्वान्नांनी भरलेले ताट आणवले. त्या तरुणाने ताटातील गोड, तिखट, आंबट असे सारे पदार्थ एकत्र कालवले आणि शांतपणे खाऊन टाकले. दामोदरपंत पिण्याचे स्वच्छ पाणी आणायला गेले, तोवर त्याने जनावरांसाठी ठेवलेल्या पाण्याने तहान भागवली होती. शेगावचे संत गजानन महाराज लोकांना पहिल्यांदा दिसले ते असे. दरवर्षी माघ वद्य सप्तमीला साजरा होणारा प्रकटदिन हा याच प्रसंगाचा स्मरणदिन होय.

महाराष्ट्राच्या संतपरंपरेत चमत्कारांच्या कथांना तोटा नाही. मात्र एखाद्या संताच्या सार्वजनिक आयुष्याची पहिली कृती वाया चाललेले अन्न वेचून खाण्याची असावी, हे विरळाच. या एका प्रसंगाच्या उजेडात महाराजांचे पुढील बत्तीस वर्षांचे चरित्र पाहिले, तर त्यात काटकसरीचा एक अखंड धागा सापडतो. हा धागा देव्हाऱ्यातून थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो.

नाव, गाव, कूळ काहीच नाही

महाराजांचा जन्म कोठे झाला, आईवडील कोण, गुरू कोण, याविषयी खात्रीलायक माहिती उपलब्ध नाही. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. त्यांच्या आयुष्याचा मुख्य आधार म्हणजे संतकवी दासगणू महाराजांनी रचलेला 'श्रीगजाननविजय' हा एकवीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ. भक्तांच्या घरी त्याची पारायणे होतात. त्यातील कथांकडे कोणी श्रद्धेने पाहील, कोणी लोकस्मृती म्हणून वाचील. पण त्यातून उभा राहणारा स्वभाव मात्र सर्वत्र एकच आहे. या माणसाला वस्तूंची गरज नव्हती, आणि वस्तूंविषयी तुच्छताही नव्हती.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. महाराज शेगावात दिसले, तेव्हा १८७६ ते १८७८ या वर्षांतील दुष्काळाने दख्खन आणि दक्षिण भारत होरपळून निघाला होता. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांचे तडाखे त्यांच्या हयातीतच बसले आणि त्यातील दुसऱ्याने वऱ्हाडालाही सोडले नाही. एकीकडे रेल्वे आली होती, कापसाच्या व्यापाराने शेगाव-खामगावच्या बाजारपेठा गजबजल्या होत्या, व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खेळत होता. दुसरीकडे पाऊस चुकला की कोरडवाहू शेतकऱ्याच्या कणगीचा तळ दिसू लागे. अशा मुलखात पत्रावळीवर राहिलेल्या शिताला काय मोल होते, हे वेगळे सांगायला नको.

काटकसर आणि कंजूषपणा

बंकटलाल महाराजांना आपल्या घरी घेऊन गेले. सधन व्यापाऱ्याचे घर, सेवेला माणसे, नैवेद्याला पक्वान्ने. पण महाराज तेथे अडकले नाहीत. मिळाले तर पक्वान्न खाल्ले, न मिळाले तर उपाशी राहिले. कोणी शाल पांघरली तर पांघरू दिली आणि मनात येताच ती तेथेच टाकून चालते झाले. अकोल्यातील बच्चुलाल अग्रवाल यांनी त्यांची पूजा करून दागिने आणि मोठी रक्कम अर्पण केल्याची कथा ग्रंथात आहे. महाराजांनी तो सारा ऐवज जागच्या जागी उतरवून ठेवला आणि ते निघून गेले.

मात्र वस्तूंचा मोह नसणे म्हणजे हात आखडता घेणे नव्हे. ग्रंथातील दोन कथा याच फरकावर बोट ठेवतात. पहिली जानकीराम सोनाराची. अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. महाराजांची चिलीम पेटवायला विस्तव हवा होता. सोनाराची शेगडी पेटलेली होती, तरी सणाच्या दिवशी विस्तव देणे अशुभ असे म्हणून त्याने तो नाकारला. एक निखारा दिल्याने शेगडी विझणार नव्हती. त्याच दिवशी त्याच्या घरी जेवायला बसलेल्या पंगतीत चिंचवण्यात अळ्या निघाल्या, पाहुणे उठून गेले आणि केलेला स्वयंपाक टाकून देण्याची वेळ आली. सोनाराने महाराजांकडे जाऊन चूक कबूल केली आणि चिंचवणे पूर्ववत झाले, असे ग्रंथ सांगतो.

दुसरी कथा अकोली येथील भास्कर पाटील यांची. भर उन्हाळ्यात दुपारी महाराजांनी त्यांच्याकडे पाणी मागितले. भास्कर यांनी ते दूरवरून घागरीने वाहून आणले होते. धडधाकट माणसाने कष्ट न करता दुसऱ्याच्या पाण्यावर हक्क सांगावा, हे त्यांना पटले नाही आणि त्यांनी नकार दिला. व्यवहाराच्या दृष्टीने त्यांचे काही चुकले नव्हते. महाराज जवळच्या एका विहिरीकडे गेले. ती वर्षानुवर्षे कोरडी होती. तिला पाणी लागले, अशी कथा आहे. भास्कर पुढे महाराजांचे निष्ठावान शिष्य झाले.

चमत्कार बाजूला ठेवला तरी दोन्ही कथांचे मर्म उरतेच. स्वतःच्या गरजा कमी करणे ही काटकसर. दुसऱ्याची गरज दिसत असताना हात मागे घेणे हा कंजूषपणा. जुन्या घरांतील गृहिणींना हा भेद ठाऊक होता. त्या तेलाची धार मोजून सोडत, पण दारी आलेल्याला भाकर-कोरड्यास दिल्याशिवाय पाठवत नसत. किंबहुना रोजच्या मोजमापातूनच त्या आल्या-गेल्याचा घास वाचवत.

वस्तू वाया जाऊ न देण्याची महाराजांची रीत कधी कधी विनोदाच्या अंगाने जाई. शेगावच्या पाटील घराण्यातील तरुण मुलांनी त्यांची परीक्षा पाहण्यासाठी एकदा त्यांना उसांनी मारले. महाराज चिडले नाहीत. मारून मारून मुलांचे हात दुखले असतील, असे म्हणत त्यांनी तेच ऊस हातांनी पिळले आणि निघालेला रस मुलांनाच प्यायला दिला. ना चरक, ना गुऱ्हाळ. तेच पाटील बंधू पुढे त्यांच्या भक्तांत सामील झाले.

भाकरीची वाट पाहणारा संत

महाराजांच्या चरित्रातील स्वयंपाकघराशी सर्वांत जवळचा प्रसंग भाऊ कवर या विद्यार्थ्याचा आहे. महाराजांना भाकर, अंबाडीची भाजी, कांदा आणि हिरवी मिरची असे साधे जेवण स्वतः न्यावे, अशी त्याची इच्छा होती. वहिनीने मोठ्या आस्थेने शिदोरी करून दिली; पण गाडी चुकली. पुढची गाडी येईपर्यंत दुपार उलटून गेली. इकडे शेगावात भक्तांनी आणलेल्या पक्वान्नांची ताटे समोर असूनही महाराजांनी कशालाच हात लावला नव्हता. उशिरा पोचलेल्या भाऊने भीत भीत शिदोरी सोडली, तेव्हा त्यांनी ती भाकर आनंदाने खाल्ली आणि मगच इतरांच्या नैवेद्याला वाट मिळाली. आजही घरोघरी महाराजांना झुणका-भाकर, कांदा, मिरची आणि अंबाडीची भाजी यांचा नैवेद्य दाखवतात, त्यामागे या प्रसंगाची आठवण आहे.

हा नैवेद्य म्हणजे वऱ्हाडी काटकसरीचा नमुनाच. ज्वारी शेतातली, हरभऱ्याचे बेसन घरच्या जात्यावरचे, अंबाडी बांधावरची. अंबाडीच्या पाल्याची भाजी होते, सालीपासून दोर वळले जातात आणि उरलेल्या काड्या चुलीत जातात. भाजीत डाळीच्या जोडीला कण्या घातल्या की थोड्या पाल्यात मोठे कुटुंब जेवते. कापूस वेचून झाल्यावर उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या वर्षभराचे सरपण पुरवीत. चुलीशेजारच्या वैलावर, वेगळे लाकूड न जाळता, वरणाचे पातेले गरम राही. उरलेली राख भांडी घासायला. शिळी भाकर टाकून देण्याचा प्रश्नच नसे. ती ताकात कुस्करून किंवा कांदा-मिरचीची फोडणी देऊन न्याहारीला येई.

लोकमान्य टिळकांशी जोडलेली कथाही भाकरीचीच आहे. १९०८ साली अकोला येथे झालेल्या शिवजयंती उत्सवाला टिळक आले होते आणि महाराजही व्यासपीठावर उपस्थित होते. त्याच वर्षी जूनमध्ये टिळकांना अटक झाली व जुलैमध्ये सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. त्या संकटात महाराजांनी टिळकांसाठी प्रसाद पाठवला तो पेढ्याबर्फीचा नव्हे, भाकरीचा.

याच १९०८ मध्ये, १२ सप्टेंबरला, भक्तांनी शेगाव येथे संस्थानाच्या कारभारासाठी विश्वस्त मंडळ स्थापन केले. दोन वर्षांनी, ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीच्या दिवशी महाराजांनी समाधी घेतली. बैलाच्या कष्टाचे न खाता साधा, मिसळीचा आहार घेण्याचा हा दिवस. त्याच दिवशी त्यांचे आयुष्य संपावे, हा योगायोगही भक्तांच्या मनात घर करून आहे.

संस्थानाने महाराजांचा हा वारसा कारभारात उतरवला. स्वच्छता, शिस्त, सेवेकऱ्यांचे विनामूल्य श्रम आणि भाविकांना मिळणारा महाप्रसाद यांसाठी शेगावचे नाव घेतले जाते. ४ ऑगस्ट २०२१ रोजी निधन पावलेले शिवशंकरभाऊ पाटील यांनी अनेक दशके संस्थानाची धुरा वाहिली, ती देवस्थानच्या पैशाला स्वतःसाठी हात न लावण्याच्या दंडकावर. पै-पैचा हिशेब आणि आलेल्याला पोटभर जेवण या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेत नांदू शकतात, याचे ते उदाहरण.

आजच्या ताटापर्यंत

प्रश्न उरतो तो महाराजांची तसबीर भिंतीवर लावणाऱ्या घरांचा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के वाटा घरांचा होता. भारतात घरगुती पातळीवर माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न फेकले जाते, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. लग्नाच्या पंगतीतील नासाडी सर्वांच्या डोळ्यांवर येते. फ्रिजच्या मागच्या कप्प्यात विसरलेली वाटी कोणाच्या हिशेबात येत नाही.

शिते वेचण्याचा आजचा अर्थ उष्टे खाणे असा नाही. तो पत्रावळीवर शीत उरूच न देण्याचा आहे. माणसे मोजून तांदूळ घेणे, ताटात आधी थोडे आणि लागले तर पुन्हा वाढणे, ही त्याची सुरुवात. उरलेला भात लगेच थंड करून झाकून फ्रिजमध्ये ठेवला तर सकाळी फोडणीच्या भाताला उपयोगी पडतो. पोळ्यांचा कुस्करा होतो. उरलेल्या वरणात कणीक भिजवली की चविष्ट दशम्या किंवा पराठे तयार. मेथी-कोथिंबिरीची कोवळी देठे भाजीत, वरणात जिरतात. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी कुंड्यांना चालते. डाळ अर्धा तास भिजवून, झाकण ठेवून शिजवली तर गॅस वाचतो. यातील एकही गोष्ट नवी नाही. आजीच्या स्वयंपाकघरात ती शिकवावी लागत नव्हती, कारण तिच्या पिढीने दुष्काळ पाहिला होता किंवा पाहिलेल्यांच्या हातचे खाल्ले होते.

पातुरकरांच्या दारात बसलेल्या त्या अनोळखी तरुणाने कोणाला उपदेश केला नाही, यजमानांना दोष दिला नाही. समोर भरले ताट आले तेही त्याने नाकारले नाही. त्याने फक्त इतरांनी टाकलेले अन्न, अन्न म्हणूनच ओळखले. एकशे चाळीसहून अधिक वर्षांनंतर प्रकटदिनाच्या पंगतीत महाप्रसादाचे ताट समोर आले की त्यात एकही शीत न उरवता उठणे, ही त्या दिवसाची सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत अवघड पूजा ठरेल.